उळ्ळागड्डी शोधलं, कांदा आला, पण कशामुळं आला ते कळेना: ॲरेतली नेमकी जुळलेली व्हॅल्यू कशी शोधायची

आधी लक्षणं बघून घ्या. यातलं एक जरी तुमच्याकडं दिसत असलं तर पुढं वाचा, नसेल तर तुमचा बिघाड वेगळा आहे, इथं उगाच वेळ घालवू नका.

- काउंटरवरच्या पोरानं "उळ्ळागड्डी" टाईप केलं, यादीत "कांदा" आला. आलं ते बरोबरच आहे, पण स्क्रीनवर उळ्ळागड्डी हा शब्दच कुठं नाही, म्हणून पोरगं म्हणतंय सर्च बिघडलंय.
- काहीही शोधा, जुळलेल्या शब्दाला लागायचा पिवळा रंग कायम पहिल्याच नावाला लागतोय.
- "लाल मिरची" असं अवतरण चिन्हांत शोधलं आणि आलेल्या रेकॉर्डमध्ये एक व्हॅल्यू आहे "ब्याडगी लाल", तिच्या पुढची "मिरची पूड". लाल मिरची असं सलग कुठंच नाही.
- रंग लागतो पण सरकून लागतो, जोडाक्षराच्या मधोमध तुटतो आणि टिंबाटिंबांचं वर्तुळ दिसायला लागतं.
- ॲरेत (एका फील्डमधल्या अनेक व्हॅल्यूंच्या यादीत) नुसती नावं नसून ऑब्जेक्ट आहेत, नाव-वजन-भाव असे. ५० किलोची सोना मसुरी शोधली तर जिथं सोना मसुरी २५ किलोची आहे आणि ५० किलोचं पोतं इंद्रायणीचं आहे ते दुकानसुद्धा येतंय.
- रोमन लिपीतली नावं झकास सापडतात, देवनागरी टाकलं की शून्य.
- सात व्हॅल्यू जुळायला हव्या होत्या, दाखवतंय तीनच.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात दुकानाचं, गोदामाचं, वाचनालयाचं सॉफ्टवेअर करणाऱ्याला हे दुखणं चुकत नाही, कारण इथं एका वस्तूला एक नाव नसतंच. कांदा म्हणणारा गिऱ्हाईक आहे, उळ्ळागड्डी म्हणणारा आहे, बेंगळूरकडून बदली होऊन आलेला ईरुळ्ळी म्हणतो, आणि बिलावर ओनियन लागतं. तांदळाला अक्की, गुळाला बेल्ल, ज्वारीला जोळ. गावांचं तेच, सरकारी कागदावर १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी, बोलण्यात बेळगाव, जुन्या पावत्यांवर बेलगाम. मग प्रत्येक वस्तूला "इतर नावं" म्हणून एक ॲरे फील्ड जोडायचं आणि त्यावर फुल टेक्स्ट सर्च लावायचा, हे सगळेच करतात आणि ते बरोबरच आहे. अडतं ते नंतर, कुठल्या नावावर जुळलं हे दाखवायची वेळ आली की.

कारण एकदा समजून घ्या म्हणजे पुढच्या तपासण्या डोक्यात बसतील. सर्च लायब्ररी तुमचा ॲरे ॲरे म्हणून ठेवत नाही. ती सगळ्या व्हॅल्यूंचे शब्द सुटे करते आणि उलटी यादी (इंडेक्स) बनवते, म्हणजे हा शब्द कुठल्या डॉक्युमेंटात, कुठल्या फील्डमध्ये, बऱ्याचदा कितव्या जागी. पुस्तकाच्या शेवटची शब्दसूची जशी पान नंबर सांगते, परिच्छेद सांगत नाही, तसंच. उळ्ळागड्डी हे ॲरेतलं दुसरं नाव होतं ही माहिती बऱ्याच लायब्ऱ्यांत इंडेक्स करतानाच गळून पडलेली असते. म्हणजे प्रश्न "सर्च चुकतोय का" हा नाहीच, "क्रमांक कुठं हरवला आणि तो परत कुठून मिळवायचा" हा आहे.

आता तपासण्या. फुकटातल्या आधी, महागातल्या शेवटी. क्रम मोडू नका, कारण मी बघितलंय, लोक थेट शेवटच्या उपायावर उडी मारतात, अख्खा इंडेक्स नव्यानं बांधतात आणि मग कळतं की एक सेटिंग चालू केलं असतं तरी भागलं असतं.

१. आलेलं उत्तर अख्खं छापून बघा

स्क्रीनवर जे दिसतं ते तुमच्या कोडनं गाळलेलं असतं. लायब्ररीनं दिलेलं कच्चं उत्तर आहे तसं कन्सोलवर ओता. बऱ्याचदा हवं ते तिथं पडलेलं असतं, नाहीतर एक पर्याय चालू केला की येतं.

फ्यूज-जेएस वापरत असाल तर "इन्क्लूड मॅचेस" हा पर्याय मुळात बंद असतो. तो चालू केला की प्रत्येक जुळणीसोबत की, व्हॅल्यू, अक्षरांच्या जागा आणि "रेफ इंडेक्स" येतो, आणि हा रेफ इंडेक्स म्हणजेच ॲरेतला क्रमांक, शून्यापासून मोजलेला. काम संपलं, घरी जा. टाइपसेन्समध्ये स्ट्रिंगांच्या ॲरेवर जुळणी झाली तर हायलाइट्समध्ये (जुळलेला भाग खुणा करून देणाऱ्या उत्तरात) "इंडायसेस" नावाची यादी येते, तेच ते. अल्गोलिया हायलाइटचं उत्तर ॲरेच्याच आकारात परत देतं आणि प्रत्येक व्हॅल्यूपुढं जुळणीची पातळी लिहितं, काहीच नाही, अर्धवट किंवा पूर्ण, म्हणजे "काहीच नाही" वाल्या सोडायच्या आणि उरलेल्या घ्यायच्या. मैलीसर्चला "शो मॅचेस पोझिशन" सांगावं लागतं, नव्या आवृत्त्यांत त्याच्यात ॲरेचा क्रमांकही मिळतो.

मिनीसर्च मात्र तिथवर जात नाही. ते "मॅच" मध्ये कुठला शब्द कुठल्या फील्डमध्ये जुळला एवढं सांगतं, ॲरेत कितवा ते नाही. त्याचं काय करायचं ते तिसऱ्या तपासणीत येईल.

इलास्टिकसर्चवाल्यांसाठी एक खबरदारी. क्वेरीला नाव दिलं की उत्तरात "मॅच्ड क्वेरीज" येतात आणि बरेच जण तेच हवं होतं असं समजून खूश होतात. ते फक्त तुमच्या क्वेरीचा कुठला तुकडा लागू पडला ते सांगतं. व्हॅल्यूबद्दल ते चकार शब्द काढत नाही.

२. डेटा खरोखर देवनागरी आहे का आणि लायब्ररीला देवनागरी कळते का

हे पण फुकट आहे आणि आमच्या भागात निम्मे बिघाड इथंच निघतात. एक व्हॅल्यू उचलून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा. रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसला तर डेटा युनिकोडमध्ये नाहीच, जुन्या श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टमधला आहे, कन्नड बाजूचा असेल तर नुडी किंवा बरहाच्या जुन्या एन्कोडिंगमधला. असल्या डेटावर सर्चचं कुठलंही सेटिंग चालणार नाही. थेट शेवटच्या भागात जा.

युनिकोड असेल तर एकच शब्द दोन तऱ्हेनं टाईप झालाय का बघा. ॲड. मधला ॲ एका कळीनं येतो तो एक कोड, आणि अ वर अर्धचंद्र देऊन केलेला अॅ दोन कोड. दिसायला जुळी भावंडं, मशीनला दोन वेगळे शब्द, आणि युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी कोडरूपं एक करायची पद्धत) चालवलं तरी हे दोन एक होत नाहीत. "बऱ्याच", "तऱ्हा" मधल्या ऱ चं आणखी विचित्र आहे. ऱ हे अक्षर एकसंध असतं किंवा र आणि नुक्ता मिळून असतं, ते एनएफसी जुळवून देतं, पण काही कीबोर्ड साधा र, हलंत आणि न दिसणारा झेडडब्ल्यूजे (झीरो विड्थ जॉइनर, अक्षरं जोडणारा कोड) टाकून तेच रूप काढतात, ते एनएफसीला जमत नाही. निपाणी आणि निप्पाणी, चिकोडी आणि चिक्कोडी हे तर उघड वेगळे, पण गिऱ्हाईकाला ते एकच आहेत.

उपाय म्हणजे स्वच्छ करणारं एकच फंक्शन लिहा, एनएफसी करा, अॅ चा ॲ करा, र-हलंत-झेडडब्ल्यूजे चा ऱ् करा आणि मग उरलेले न दिसणारे कोड काढून टाका, आणि हेच फंक्शन तिन्ही ठिकाणी वापरा: इंडेक्स करताना, क्वेरी घेताना, आणि नंतर स्वतः तुलना करताना. तिसरी जागा लोक हमखास विसरतात. मूळ व्हॅल्यू मात्र जशीच्या तशी बाजूला ठेवा, गिऱ्हाईकाला दाखवायची तीच.

मग लायब्ररी. लनर-जेएस मध्ये इंडेक्स करताना एक ट्रिमर लागतो जो शब्दाच्या दोन्ही टोकांची "शब्दात न बसणारी" अक्षरं काढतो, आणि त्याच्या हिशेबात अख्खी देवनागरी त्यात येते, म्हणजे "कांदा" चं शून्य होतं. लनर-लँग्वेजेसमधला हिंदीचा किंवा कन्नडचा भाग जोडा नाहीतर ट्रिमर काढून टाका. एसक्यूलाइटच्या एफटीएस-५ (फुल टेक्स्ट सर्चचा भाग) चा नेहमीचा टोकनायझर, म्हणजे मजकुराचे शब्द तोडणारा भाग, फक्त अक्षरं आणि अंक धरतो, काना-मात्रा-वेलांटीला तो शब्द तोडायची जागा समजतो. मग "काम" चे क आणि म असे दोन तुकडे, "किमी" चे पण क आणि म. काम शोधा, किमी सापडेल. टेबल बनवताना कॅटेगरीज या पर्यायात एम-सी आणि एम-एन हे दोन गट वाढवले की सुटतं. मिनीसर्च इथं शहाणं आहे, ते मोकळ्या जागा आणि विरामचिन्हांवरच तोडतं. इलास्टिकसर्चचा स्टँडर्ड टोकनायझर पण देवनागरी नीट तोडतो, फक्त मराठीचा तयार ॲनलायझर त्यात नाही, हिंदीचा आहे. हिंदीचं नॉर्मलायझेशन मराठीला लावलं तर ऱ्हस्व-दीर्घ एक होतं, जे दुकानात सोयीचंच आहे, पण ते हलंत पण उडवतं, म्हणून "कर्म" आणि "करम" एक होतात. चालतंय का नाही ते तुमचा डेटा बघून ठरवा.

३. तीन व्हॅल्यूंचं बारकं रेकॉर्ड बनवून लायब्ररी ॲरेचं काय करते ते बघा

अख्ख्या डेटावर डोकं फोडण्यापेक्षा एक रेकॉर्ड बनवा: "कांदा", "उळ्ळागड्डी", "बेंगळूर कांदा". आता तिसऱ्यातला शब्द शोधा, मग दुसऱ्यातला अर्धा शब्द, मग दुसऱ्यातला मुद्दाम चुकवलेला.

लनर ॲरे दिला की प्रत्येक व्हॅल्यूचा एकच टोकन करतं, आत मोकळी जागा असली तरी तोडत नाही. म्हणजे "बेंगळूर कांदा" हा एक सलग शब्द झाला आणि नुसत्या "बेंगळूर" ला तो सापडत नाही. शिवाय पोझिशनची माहिती मागितली असली तरी ॲरेतून आलेल्या टोकनांना ती मिळत नाही. मिनीसर्च उलटं करतं, ॲरेची स्ट्रिंग करतं, म्हणजे सगळ्या व्हॅल्यू मध्ये स्वल्पविराम देऊन चिकटतात. त्याचा स्वतःचा टोकनायझर स्वल्पविरामावर तोडतो म्हणून बिघडत नाही, पण तुम्ही हौसेनं फक्त मोकळ्या जागेवर तोडणारा टोकनायझर लावलात की "कांदा,उळ्ळागड्डी,बेंगळूर" असा एकच अजस्र शब्द तयार होतो. हे मला इतक्या वेळा सापडलंय की आता टोकनायझर दिसला की पहिलं तेच बघतो.

आता क्रमांक कसा काढायचा. डेटा दुकानाएवढा असेल, काही हजार वस्तू, तर सरळ मार्ग असा की रेकॉर्ड सापडल्यावर त्याच्या ॲरेवरून स्वतः फिरायचं, प्रत्येक व्हॅल्यूचे त्याच टोकनायझरनं तुकडे करायचे आणि जुळलेला शब्द कुणात आहे ते बघायचं. इथंच एक खाच आहे आणि ती नीट बघा.

गिऱ्हाईकानं टाकलं "उळागड्डी", एक ळ गाळून. फझी (थोडी चूक माफ करून शोधणं) चालू आहे म्हणून रेकॉर्ड सापडलं. आता तुम्ही ॲरेत "उळागड्डी" शोधत बसलात तर जन्मात सापडणार नाही, कारण ॲरेत "उळ्ळागड्डी" आहे. तुलना गिऱ्हाईकाच्या शब्दाशी करायची नाही, लायब्ररीनं जो जुळलेला शब्द परत दिला त्याच्याशी करायची. मिनीसर्चमध्ये "टर्म्स" ही यादी आणि "मॅच" मधल्या कीज या इंडेक्समधले शब्द असतात, त्या वापरा. प्रीफिक्सचं (शब्दाच्या सुरुवातीवरून शोधायचं) तेच, "बेळगाव" टाकलं आणि जुळलं "बेळगावी" वर किंवा "बेळगावकर" वर, तर परत आलेला शब्द तोच असतो. मराठीत विभक्तीमुळं हे सतत होतं, बेळगावात, बेळगावचा, बेळगावहून, म्हणून प्रीफिक्स बंद ठेवून भागत नाही.

फझीचं माप पण इथंच तपासून घ्या. "चिकोडी" हे युनिकोडच्या हिशेबात सहा कोड, "चिक्कोडी" आठ, फरक दोनचा, एक हलंत आणि एक क. मिनीसर्चला फझी ०.२ दिलं तर सहाच्या हिशेबानं १.२ म्हणजे एकच चूक माफ, चिक्कोडी सापडत नाही. ०.३ दिलं की १.८, म्हणजे दोन, आणि सापडतं. इलास्टिकसर्चच्या ऑटो फझीत पाचपेक्षा जास्त लांबीच्या शब्दाला दोन चुका माफ, तिथं आपोआप जुळतं. जोडाक्षर म्हणजे दोन चुका हे डोक्यात ठेवा, रोमन लिपीवाल्यांची मापं इथं चालत नाहीत. फ्यूजमध्ये अजून एक गंमत, ते शब्द व्हॅल्यूच्या सुरुवातीजवळ शोधतं, नेहमीच्या सेटिंगला साधारण पहिल्या ६० अक्षरांत, लांब वर्णनं असतील तर "इग्नोर लोकेशन" चालू करा.

पोस्टग्रेसवाल्यांना एवढी खटपट नको. रेकॉर्ड सापडल्यावर "अननेस्ट" ला "विथ ऑर्डिनॅलिटी" जोडा, प्रत्येक व्हॅल्यू आणि तिचा क्रमांक अशा ओळी मिळतात, त्यावर तीच क्वेरी परत चालवा. क्रमांक १ पासून सुरू होतो, जावास्क्रिप्टकडं पाठवताना एक वजा करा.

४. रंग सरकतोय? मोजमाप कशात आहे ते बघा

"उळ्ळागड्डी" घ्या. डोळ्यांना चार अक्षरं दिसतात: उ, ळ्ळा, ग, ड्डी. जावास्क्रिप्टला विचाराल तर लांबी १०. यूटीएफ-८ मध्ये ३० बाइट, कारण देवनागरीचा प्रत्येक कोड तीन बाइट खातो. आता मैलीसर्च सुरुवात आणि लांबी बाइटमध्ये देतं, तुम्ही ती अक्षरं समजून कापलीत तर रंग तिप्पट लांब जाणार. रोमन नावांवर एक अक्षर एक बाइट असल्यानं टेस्टिंगमध्ये काही कळत नाही, आणि मग निपाणीत बसवल्यावर फोन येतो. बाइटचा ॲरे करून कापा आणि परत स्ट्रिंग करा.

फ्यूज जोड्या देतं त्यात शेवटची जागा धरून असते, म्हणून कापताना शेवटाला एक मिळवायचा. आणि कुठलीही लायब्ररी असो, रंग लावण्याआधी दोन्ही टोकं जोडाक्षराच्या बाहेर ढकला: शेवटानंतर हलंत किंवा मात्रा असेल तर ती पण आत घ्या, आणि हलंत असेल तर त्याच्या पुढचं व्यंजन पण. नाहीतर ळ् इकडं आणि ळा तिकडं होऊन ते टिंबांचं वर्तुळ येतं.

५. इलास्टिकसर्च, ओपनसर्च किंवा सोलर: हायलाइटर नीट सांगून ठेवा

नुसत्या स्ट्रिंगांच्या ॲरेसाठी हे पुरतं, नेस्टेडकडं (ते सातव्या तपासणीत येईल) पळायची गरज नाही. "नंबर ऑफ फ्रॅगमेंट्स" शून्य ठेवा. नेहमीचं सेटिंग १०० अक्षरांचे जास्तीत जास्त पाच तुकडे देतं, त्यामुळं लांब व्हॅल्यू अर्धी येते आणि पाचच्या पुढच्या जुळण्या गायब होतात. शून्य ठेवलं की जुळलेली व्हॅल्यू अख्खी मिळते. मग खुणा काढायच्या आणि उरलेली स्ट्रिंग "सोर्स" (साठवलेलं मूळ डॉक्युमेंट) मधल्या ॲरेशी ताडून क्रमांक काढायचा. खुणेसाठी नेहमीचा ईएम टॅग वापरू नका, डेटात कधीच येणार नाही असं चिन्ह द्या, काढताना चूक होत नाही. एचटीएमएल एन्कोडर चालू असेल तर "अँड" चं चिन्ह बदलून येतं आणि तुलना फसते, तो बंद ठेवा आणि सुरक्षेसाठीचं एस्केपिंग क्रमांक मिळाल्यावर पानावर दाखवताना करा. ॲरेत तीच व्हॅल्यू दोनदा असेल तर या पद्धतीनं कुठली जुळली ते सांगता येत नाही, पण नावांच्या यादीत तीच व्हॅल्यू दोनदा असायचं कारणच काय, साफ करा.

कॉपी-टू वापरून सगळी फील्डं एका मोठ्या फील्डमध्ये ओतून त्यावर शोधत असाल तर ते मोठं फील्ड सोर्समध्ये नसतं. हायलाइट मूळ फील्डवर मागा आणि "रिक्वायर फील्ड मॅच" खोटं करा. सोलरच्या मूळ हायलाइटरमध्ये "प्रिझर्व्ह मल्टी" आहे, तो खरा केला की जुळलेल्या न जुळलेल्या सगळ्या व्हॅल्यू क्रमानं येतात, मग खूण असलेली कितवी ते मोजायचं, ताडत बसायला नको.

"लाल मिरची" वाला घोटाळा याच घरातला. दोन व्हॅल्यूंच्या मध्ये इंजिन एक मोकळी दरी सोडतं, "पोझिशन इन्क्रिमेंट गॅप". इलास्टिकसर्चमध्ये ती १०० असते, सोलरच्या नमुना स्किमात पण १००, पण या दोन्हींच्या पोटात असलेलं ल्युसीन नुसतं वापरलं तर शून्य, म्हणजे एका व्हॅल्यूचा शेवटचा शब्द आणि पुढचीचा पहिला हे शेजारी-शेजारी. दरी वाढवा आणि परत इंडेक्स करा. इलास्टिकमध्येच हे होत असेल तर कुणीतरी मॅपिंगमध्ये (फील्डं कशी इंडेक्स करायची ते जिथं लिहितात तिथं) ती शून्य केलीय किंवा क्वेरीत स्लॉप (शब्दांमध्ये चालवून घ्यायचं अंतर) शंभरीच्या घरात नेऊन ठेवलाय.

६. एक व्हॅल्यू एक ओळ

इथवर येऊन सुटलं नसेल तर इंडेक्सची रचना बदला. वस्तूचं एक डॉक्युमेंट न करता प्रत्येक नावाचं वेगळं डॉक्युमेंट करा: नाव, वस्तूचा आयडी, ॲरेतला क्रमांक. शोध नावांवर, दाखवताना आयडीनं गट. मला विचाराल तर लहान दुकानासाठी आणि वाचनालयासाठी हाच सगळ्यात बिनघोर मार्ग, कारण जुळलेली ओळ हीच जुळलेली व्हॅल्यू, काही ताडायचं नाही, मोजायचं नाही, आणि लायब्ररी कुठलीही असो चालतं. एफटीएस-५ मध्ये आयडी आणि क्रमांकाचे कॉलम "अनइंडेक्स्ड" ठेवा म्हणजे ते शोधात येत नाहीत.

तोटे दोन आहेत. एक वस्तू तीनदा येऊ शकते म्हणून गट केल्यावर सगळ्यात वरचा स्कोर ठेवायचा, आणि पहिले दहा मागितलेत तर गट करून चारच उरतात, म्हणून जास्त मागवा. दुसरा तोटा मोठा: "कांदा ओनियन" असे दोन शब्द टाकले आणि दोन्ही हवेतच अशी अट असेल तर ते वेगवेगळ्या ओळींत असल्यानं काहीच सापडत नाही. तिथं अट सैल करून गट करताना मोजावं लागतं. आमच्याकडं लोक दोन भाषा मिसळून टाईप करतात, त्यामुळं हे आधीच ठरवून घ्या.

७. ऑब्जेक्टांचा ॲरे असेल तर नेस्टेड

सोना मसुरी आणि ५० किलोचा घोळ फक्त याच मार्गानं सुटतो, किंवा सहाव्या मार्गानं. इलास्टिकसर्च साध्या ऑब्जेक्टांच्या ॲरेतली नावं एका ढिगात आणि वजनं दुसऱ्या ढिगात टाकतं, कुठलं वजन कुठल्या नावाचं हे विसरून. नेस्टेड केलं की प्रत्येक ऑब्जेक्ट आतून वेगळं डॉक्युमेंट होतं, आणि क्वेरीत "इनर हिट्स" मागितले की नेमके जुळलेले ऑब्जेक्ट त्यांच्या "ऑफसेट" सकट परत येतात. हा ऑफसेट म्हणजे क्रमांक, शून्यापासून. इनर हिट्स मुळात तीनच देतात, सातातले तीन दिसण्याचं कारण हेच, साइझ वाढवा.

आधीचं फील्ड आहे तिथल्या तिथं नेस्टेड करता येत नाही, नवा इंडेक्स बनवून सगळा डेटा परत घालावा लागतो. एका डॉक्युमेंटात १०,००० नेस्टेड ऑब्जेक्टांची मर्यादा असते. आणि आतलं एक वजन बदललं तरी अख्खं डॉक्युमेंट आतल्या सगळ्या डॉक्युमेंटांसकट परत लिहिलं जातं, म्हणून रोज भाव बदलणाऱ्या यार्डातल्या डेटाला हे जड जातं. भाव बाहेर ठेवा, नावं आणि वजनं आत.

कुठं थांबायचं आणि जाणत्याला बोलवायचं

डेटा जुन्या फॉन्टमध्ये निघाला तर स्वतः बदलायला जाऊ नका. एकाच यादीत मराठी नावं एका फॉन्टची आणि कन्नड नावं दुसऱ्या एन्कोडिंगची असतात, इंटरनेटवरचा कन्व्हर्टर सगळ्यांना एकच धरून चालतो आणि निम्मी नावं कायमची बिघडतात. हे काम करणारे लोक बेळगावात छापखान्यांच्या आसपास मिळतात, त्यांना फॉन्टचं नाव नुसतं बघून कळतं.

चालू सर्व्हरवर परत इंडेक्स करायची वेळ आली आणि तुमच्याकडं बॅकअप नाही, किंवा बॅकअप आहे पण तो कधी परत घालून बघितलेला नाही, तर तिथंच थांबा. डिस्क पण बघा, परत इंडेक्स करताना जुना-नवा दोन्ही एकदम असतात, आणि इलास्टिकसर्च नेहमीच्या सेटिंगला डिस्क ९५ टक्के भरली की लिहिणं बंद करतं. दिवसा दुकान चालू असताना तर अजिबात नको.

रुग्णांची नावं, औषधांची नावं, जमिनीचे उतारे असला डेटा असेल तर फझी आणि अंदाजानं काढलेला क्रमांक यांच्यावर विसंबू नका. कांद्याच्या जागी चुकीचं नाव रंगलं तर पोरगं हसेल, औषधाच्या जागी तसं चालत नाही. तिथं सर्चचं काम करणाऱ्या माणसाकडून रचना तपासून घ्या, पैसे गेले तरी चालतील.

बोलवताना त्याच्या हातात हे द्या: लायब्ररीचं नाव आणि आवृत्ती, मॅपिंग किंवा इंडेक्स बनवायचा कोड, तिसऱ्या तपासणीतलं ते तीन व्हॅल्यूंचं रेकॉर्ड, टाकलेली क्वेरी, आलेलं कच्चं उत्तर, आणि तुम्हाला कुठला क्रमांक हवा होता ते. स्क्रीनचा फोटो काढून पाठवू नका, मजकूर कॉपी करून पाठवा, फोटोत ॲ आणि अॅ सारखेच दिसतात.